वाजत्या हाताकडे

टोरंटोत एप्रिलच्या शेवटी गिटारी स्वस्त होतात. विद्यापीठांच्या परीक्षा आटोपलेल्या असतात, भाड्याच्या खोल्या रिकाम्या करायच्या असतात आणि विमानात दोनच बॅगा नेता येतात. मग फेसबुक मार्केटप्लेसवर आणि किजीजीवर फोटो दिसू लागतात : गादी, अभ्यासाचं टेबल, भाताचा कुकर, गिटार. पुण्याची, लुधियान्याची, कोचीची, बोगोटाची मुलं आपापल्या गिटारी मागे ठेवून पुढच्या गावी जातात. सप्टेंबरात नवी मुलं येतात, तेव्हा त्याच गिटारी थोड्या चढ्या भावाने पुन्हा बाजारात येतात. हे शहर किती लोकांनी भरतं आणि रिकामं होतं, ते मला जुन्या वाद्यांच्या या बाजारातून जितकं जाणवतं तितकं दुसऱ्या कशातून जाणवत नाही.

यंदा या बाजारात मीही उतरले. घरातली काही वाद्यं विकली, काही दुकानात बदली दिली आणि त्या पैशांतून एक चांगली अकूस्टिक गिटार घेतली. इथल्या मराठी घरांत हे सांगितलं की समोरचा थोडा गप्प होतो. “पेटीसुद्धा विकलीस?” असं हळूच विचारतो. त्या प्रश्नामागची माया मला समजते. पण त्या मायेपायी कितीतरी वाद्यं तळघरात मुकी पडली आहेत, हेही मी या शहरात पाहिलं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

परदेशात आलेल्या माणसाच्या घरी वाद्यं साठत जातात. पहिल्या हिवाळ्यात पावणेपाचलाच अंधार पडायला लागला की संध्याकाळ फार लांबते, आणि ती भरून काढायला काहीतरी हवं असतं. माझ्याकडे आधी कीबोर्ड आला, कारण हेडफोन लावला की शेजाऱ्यांना त्रास होत नाही. मग क्यूबेकमध्ये बनलेली सीगल गिटार आली : वरची फळी सीडरची, पाठ आणि बाजू रानचेरीच्या लाकडाच्या थरांची. इथे नव्याने शिकणारे कितीतरी जण तिच्यापासूनच सुरुवात करतात, आणि तिने मला बरंच शिकवलं. ऑफिसातला एक सहकारी कॅल्गरीला निघाला तेव्हा त्याची इलेक्ट्रिक गिटार माझ्याकडे आली. मिसिसागातलं एक कुटुंब कायमचं पुण्याला परतलं, त्यांची पेटी आणि तबल्याची जोडी माझ्याकडे राहिली. आणि बेंजो तर बाबांनीच आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून माझ्या बॅगेत घातला होता. यातलं जवळजवळ प्रत्येक वाद्य कुणीतरी गाव सोडलं म्हणून माझ्याकडे आलं होतं. मग ते माझ्याच घरी कायमचं थांबावं असा आग्रह मी कुठल्या तोंडाने धरायचा?

आमचं घर ट्रॉम्बे कोळीवाड्यात. समोर ठाण्याची खाडी, मागे टेकडी, टेकडीपलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्राची हद्द. बाबा मासेमारी करायचे आणि लग्नसराईत बेंजो वाजवायचे. हळदीच्या रात्री कोळीवाड्यात बेंजो पार्टी नसेल तर ती हळद कसली! मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी सांगते : बेंजो म्हणजे लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि तारांवर टाइपरायटरच्या धाटणीच्या कळा. उजव्या हाताने तारा छेडायच्या, डाव्या हाताने कळा दाबायच्या. हेच बुलबुल तरंग. त्याचं मूळ जपानमध्ये आहे. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये तायशोगोतो नावाचं वाद्य तयार केलं, ते फिरत फिरत हिंदुस्थानात आलं, आणि मुंबईच्या वाजंत्र्यांनी त्याला पिकअप बसवून, अँप्लिफायरला जोडून, वरातीच्या गाडीवर चढवलं. आज त्याच्या आवाजाशिवाय कोळीगीताची चाल कानात उभीच राहत नाही. वाद्य किती लांबून येतं आणि किती आपलं होतं, याचा याहून चांगला दाखला माझ्याजवळ नाही.

बाबांच्या पार्टीत वाद्यं सतत हातोहात फिरत. कुणी मोठा, जास्त कळांचा बेंजो घेतला की त्याचा जुना बेंजो शिकाऊ पोराकडे जाई. अर्धे पैसे रोख, अर्धे पुढच्या सुपाऱ्यांतून कापून. ढोलकी देऊन ताशा घेतला, ताशा आणि वर काही रक्कम देऊन ऑक्टोपॅड घेतला, असे व्यवहार पावसाळ्यात होत. जून-जुलैत मासेमारी बंद, लग्नंही नाहीत, त्यामुळे दुरुस्त्या आणि अदलाबदल याच दिवसांत. दसऱ्याला सगळी वाद्यं पुसून, पाटावर मांडून, झेंडूची माळ घालून पुजली जायची. पूजा झालेलं वाद्य चार दिवसांनी विकलं तर कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. ज्याचं पोट वाद्यावर चालतं त्याला ठाऊक असतं की वाद्याचा मान ते वाजण्यात आहे. हौशी घरांत मात्र मी उलट पाहिलं. शाळेतल्या एका मैत्रिणीच्या आजोबांची पेटी माळ्यावर जपून ठेवली होती. पावसाळ्यामागून पावसाळे गेले, भात्याचं कातडं फाटलं, पितळी रीडवर हिरवट थर चढला. ‘आजोबांची आठवण’ म्हणून कुणी ती विकली नाही आणि म्हणूनच कुणी ती वाजवलीही नाही. शेवटी ती दुरुस्तीपलीकडे गेली. त्या पेटीबद्दल मला आजही वाईट वाटतं.

विकायचं ठरवल्यावर मी बाबांना फोन केला. ते म्हणाले, “वाजवत नसशील त देऊन टाक गो. पडून सडंल.” मग मी शनिवारची सबवे पकडून ब्लूर स्ट्रीटला गेले.

टोरंटोतल्या वाजवणाऱ्या माणसाला ब्लूर स्ट्रीट चुकत नाही. ऑसिंग्टन स्टेशनजवळ लाँग अँड मॅकक्वेडचं मोठं दुकान आहे. जॅक लाँग या ट्रंपेटवादकाने १९५६ मध्ये याच शहरात हा धंदा सुरू केला, जॅक मॅकक्वेड हा ड्रमवादक त्याला येऊन मिळाला, आणि आज कॅनडाभर त्यांची दुकानं आहेत. वाद्य भाड्याने देणं, हप्त्याने देणं, जुनं घेऊन नवं देणं, यावर ही पेढी वाढली. ब्लूर स्ट्रीटबाहेरचं दुसरं नाव ट्वेल्फ्थ फ्रेट. हे १९७७ पासून चालत आलेलं, दुरुस्तीच्या कारागिरीसाठी नावाजलेलं दुकान. जुनी, दुर्मीळ गिटार विकायची असेल तर लोक ती इथे विक्रीला ठेवतात. गिटार विकली गेली की दुकान आपला टक्का कापून घेतं. एवढंच नव्हे, टोरंटो पब्लिक लायब्ररीच्या पार्कडेल शाखेतून २०१६ पासून लायब्ररीच्या कार्डावर वाद्यंही घरी नेता येतात, पुस्तकासारखी, फुकट. नव्याने आलेल्या मुलांना मी आधी तिथे पाठवते. वाद्य हवं आहे की नुसती त्याची हौस आहे, हे तिथे पैसे न घालता कळतं.

जुनं वाद्य देऊन नवं घेण्याचा व्यवहार कसा चालतो ते सांगते, कारण आपली माणसं इथे हमखास बिचकतात. तुम्ही काउंटरवर केस उघडता. दुकानातला माणूस ओळखपत्र मागतो, वाद्याचा अनुक्रमांक टिपून घेतो. चोरीचा माल दुकानात येऊ नये म्हणून ही काळजी असते. मग तो गिटारीची मान डोळ्यासमोर धरून सरळ आहे का बघतो, फ्रेट किती झिजलेत ते बोटाने चाचपतो, आवाजाच्या भोकातून छोटा आरसा आणि दिवा आत घालून आतल्या पट्ट्यांचा सरस सुटला आहे का पाहतो. ट्रॉम्बेत दुपारी दारावर बोहारीण यायची. आई जुन्या साड्यांचा गठ्ठा पुढे टाकायची, बोहारीण एकेक पदर उजेडात धरून विरलेला धागा शोधायची, आणि मग पातेलं की परात यावर दोघींची घासाघीस चालायची. तसंच हे. फरक इतकाच की इथे घासाघीस मृदू आवाजात होते आणि आकडा बहुधा एकदाच हलतो.

दुकान तुम्हाला त्या वाद्याच्या विक्रीच्या किमतीच्या साधारण निम्मे, फार तर साठ टक्के देतं. हे ऐकून लोक रागावतात, पण त्यात अन्याय नाही. दुकानाला ते वाद्य दुरुस्त करायचं असतं, नव्या तारा चढवायच्या असतात, गिऱ्हाईक येईपर्यंत जागा अडवून ठेवायची असते आणि विकल्यावर तक्रारीला उभं राहायचं असतं. स्वतः विकलं तर जास्त पैसे मिळतात, पण मग अनोळखी माणसांशी निरोपानिरोपी, ‘शेवटचा भाव सांगा’ या मागण्या, ठरलेल्या वेळी न येणारे ग्राहक, हे सगळं आलं.

यात एक गोष्ट मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही : कर. ओंटारियोत विक्रीकर १३ टक्के आहे. तुमच्यासारख्या साध्या ग्राहकाने जुनं वाद्य बदली दिलं तर कर फक्त उरलेल्या रकमेवर लागतो. समजा नव्या गिटारीची किंमत ३,००० डॉलर आहे आणि तुमच्या जुन्या वाद्यांचे दुकानाने १,२०० धरले. कर १,८०० वर, म्हणजे २३४ डॉलर. बदली न देता घेतली असती तर ३९० भरावे लागले असते. वाचले १५६. म्हणजे दुकानाचे १,२०० हे बाहेर मिळणाऱ्या १,३५६ च्या बरोबरीचे. बाहेर त्याहून जास्त मिळत असतील तरच बाहेर विकण्यात अर्थ. हा हिशेब कागदावर मांडला की मनातली धाकधूक जाते. मी त्यानुसारच कीबोर्ड आणि सीगल दुकानात दिले. कीबोर्डची किंमत दरवर्षी घसरते, नवं मॉडेल आलं की जुन्याला कुणी विचारत नाही. त्याला घरी ठेवून भाव वाढणार नव्हता. सीगलला मात्र लगेच मागणी असते, म्हणून तिचे बरे पैसे आले.

पेटीला ब्लूर स्ट्रीटवर किंमत नाही. तिची खरी कदर ब्रॅम्प्टनला आहे. ब्रॅम्प्टनमध्ये शीख वस्ती मोठी, गुरुद्वारे अनेक, आणि मुलांना कीर्तन शिकवायचे वर्ग घरोघरी. जाहिरात टाकली त्याच संध्याकाळी फोन आला. आई, वडील, आजोबा आणि नऊ-दहा वर्षांची मुलगी असे सगळे आले. आजोबांनी आधी भाता उघडून सोडला आणि हवा किती वेळ टिकते ते कान देऊन ऐकलं. मग सगळ्या पट्ट्या खालून वर एकदा दाबून पाहिल्या. इथल्या कोरड्या घरांत पेटीचं लाकूड आकसतं, फटी पडतात, एखादी पट्टी आपोआप वाजत राहते. ते त्यांना पुरतं माहीत होतं. “रीड कुठल्या?” त्यांनी विचारलं. पालीताणाच्या, मी सांगितलं. ते समाधानाने हसले. गुजरातेतल्या पालीताण्याच्या रीडचं नाव जाणत्या माणसाला सांगावं लागत नाही. मग मुलगी बसली. तिने डाव्या हाताने भाता धरला आणि एक शबद वाजवला, न अडखळता. पेटी माझ्याकडे होती तेव्हा तिच्यातून असा आवाज कधी निघाला नव्हता, कारण मी तिच्यावर फक्त गाणाऱ्याला सूर देत असे. त्यांनी तबलाही घेतला. पुण्याला परतलेल्या त्या कुटुंबाला मी कळवलं, तर काकूंचं उत्तर आलं : “फार बरं केलंस, आमच्याकडेही ती तीन पिढ्यांची झाली असती तर आवडलं असतं, पण वाजली असती का कोण जाणे.”

इलेक्ट्रिक गिटार एका शाळकरी मुलाने घेतली. उन्हाळ्यात लॉन कापून जमवलेले पैसे त्याने लिफाफ्यातून आणले होते. त्याच्यासाठी मी भाव उतरवला, आणि उतरवायलाच हवा होता.

आता प्रश्न असा की एवढं सगळं देऊन एकच गिटार का? पहिली गिटार मी धोबी तलावावरून घेतली होती. मानखुर्दहून हार्बर लोकलने सीएसटी, तिथून मेट्रो सिनेमाच्या दिशेने चालत. १८६५ पासूनचं फुर्तादो तिथल्या जेर महालात. त्याच्या काचेतल्या परदेशी गिटारी डोळे भरून बघायच्या आणि मग परवडेल अशी कोलकात्याची प्लायची गिटार दुसऱ्या दुकानातून घेऊन परतायचं. त्या प्लायच्या गिटारीने मला हात दिला. पण प्लायवुड आणि अखंड लाकूड यांत फरक आहे, आणि तो कानाला कळतो. प्लायमध्ये थरांचे रेषे आडवे-उभे चिकटवलेले असतात. ते मजबूत असतं, हवामानाला दाद देत नाही, आणि त्याच कारणाने तारेच्या कंपनालाही पुरती दाद देत नाही. अखंड स्प्रूसची पातळ फळी रेषेच्या दिशेने ताठ आणि आडवी लवचीक असते. तार छेडली की ती सबंध थरथरते. हळू वाजवलं तर हळूच बोलते, जोरात वाजवलं तर तितकी उघडते. गाणाऱ्याच्या मागे साथ करताना हाच गुण लागतो. इथल्या घरगुती मैफलीत भावगीत असतं, अभंग असतो, मधूनच कुणी कोळीगीत धरतं. त्यात गिटारीने गाणाऱ्याच्या श्वासाबरोबर लहान-मोठं व्हायला हवं. सीगल तिथे एका मर्यादेपर्यंतच येत होती.

आणि टोरंटोत राहून चांगल्या अकूस्टिक गिटारीबद्दल उदासीन राहणं कठीण आहे. या शहराची गिटार घडवण्याच्या कामातली परंपरा मोठी आहे, आणि ती परक्या माणसांनी घडवली. एडगर म्योंख हे जर्मन कारागीर इथे आले. जाँ लारिव्हे हा तरुण त्यांच्याकडे क्लासिकल गिटार बनवायला शिकला आणि मग त्याने स्वतः स्टीलच्या तारांच्या गिटारी घडवायला घेतल्या. त्याच्या कार्यशाळेत लिंडा मँझर, ग्रिट लॅस्किन यांच्यासारखे शिकाऊ तयार झाले. १९७७ मध्ये लारिव्हे व्हिक्टोरियाला गेले, पण शिष्य आपापल्या वाटेने वाढले. मँझर यांनी १९८४ मध्ये पॅट मेथिनी या गिटारवादकासाठी ४२ तारांची ‘पिकासो’ गिटार बनवली, ती जगभर गाजली. स्त्रीने या कामात उतरणं तेव्हा किती अवघड असेल याचा विचार करते तेव्हा मला त्यांच्याविषयी नितांत आदर वाटतो.

मार्टिन या अमेरिकन गिटार कंपनीचा मूळपुरुष तर अस्सल परदेशी गेलेला माणूस. ख्रिस्तियन फ्रेडरिक मार्टिन सॅक्सनीतल्या मार्कनॉयकिर्शन गावचा. तिथे गिटार कुणी बनवायची यावरून व्हायोलिन बनवणारे आणि सुतार यांच्या संघांत भांडण होतं. त्याला कंटाळून तो १८३३ मध्ये न्यूयॉर्कला आला, हडसन स्ट्रीटवर दुकान थाटलं आणि काही वर्षांनी पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथला गेला. न्यूयॉर्कच्या दुकानात तो स्वतःच्या गिटारींबरोबर इतर वाद्यंही विकत असे. त्या काळच्या नोंदींत वाइनच्या पेटीपासून मुलांच्या कपड्यांपर्यंत काय काय घेऊन त्याने बदल्यात वाद्यं दिल्याचं सांगतात. नव्या देशात हातात रोकड कमी असताना माणूस जे आहे ते देऊन हवं ते मिळवतो. त्याला तर त्यातूनच दुकान उभं करता आलं.

मी निवडलेली गिटारही जुनी आहे, लारिव्हेची. वरची फळी सिटका स्प्रूसची, पाठ आणि बाजू शिसवीच्या. दुकानात ती उलटी करून पाहिली तेव्हा त्या गडद तपकिरी-जांभळ्या रेषा मला लगेच ओळखू आल्या. ही सह्याद्रीची शिसव. पूर्वी उत्तम गिटारींना ब्राझीलची शिसव लागत असे. ब्राझीलने ओंडक्यांची निर्यात आवळली, आणि मार्टिनने १९६९ मध्ये आपल्या नेहमीच्या गिटारींसाठी भारतीय शिसव वापरायला सुरुवात केली. केरळ-कर्नाटकातल्या चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी लावलेली झाडं म्हातारी झाली की तोडली जातात, त्यांच्या फळ्या चिरून जगभर जातात. १९९२ मध्ये ब्राझीलच्या शिसवीचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळपास थांबला. २०१७ च्या जानेवारीपासून सगळ्याच शिसवींवर साइट्स या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबाबतच्या आंतरराष्ट्रीय कराराची बंधनं आली. त्या काळात जुनी शिसवी गिटार सीमेपलीकडे, अगदी शेजारच्या अमेरिकेतल्या ग्राहकाला विकायची तरी परवाना लागे, आणि साध्या माणसांनी सीमापार व्यवहार सोडूनच दिले होते. २०१९ च्या नोव्हेंबरात तयार वाद्यांना सूट मिळाली. झाडं जपायलाच हवीत, यात शंका नाही; पण जी झाडं आधीच तोडली गेली त्यांचं वाद्य पन्नास वर्षं वाजत राहिलं तर नवं झाड तितकं तोडावं लागत नाही. जुनं वाद्य घेण्याच्या बाजूने माझ्याजवळ याहून मोठं कारण नाही.

जुनी गिटार घेताना काय बघावं हे मी ट्रॉम्बे आणि टोरंटो, दोन्हीकडून शिकले. ट्रॉम्बेत खाडीची दमट हवा. तिथे गिटारीचं पोट फुगतं, तारा फ्रेटपासून उंच जातात, बोटं कापतात, खुंट्या गंजतात, तबल्याची पुडी श्रावणात उतरते. टोरंटोत सगळं उलट. जानेवारीत हीटरमुळे घरातली हवा कोरडी पडते. काळजी घेतली नाही तर आर्द्रता पंचवीस टक्क्यांच्याही खाली जाते, आणि अखंड लाकडाला साधारण पंचेचाळीस ते पंचावन्न लागते. लाकूड आकसतं, वरची फळी आत बसते, रेषेच्या दिशेने तडा जातो. फ्रेटबोर्ड आकसला की फ्रेटची धातूची टोकं बाहेर येतात आणि हात फिरवला की टोचतात. म्हणून जुनी गिटार हातात घेतल्यावर मी वाजवायच्या आधी मानेच्या दोन्ही कडांवरून अंगठा फिरवते. टोचलं तर समजावं, हिने कोरडे हिवाळे काढलेत. मग दिवा आत घालून तडे बघायचे. दुरुस्त केलेला तडा वाईट नसतो, तो नीट सांगून भाव कमी केलेला असावा. सर्वांत खर्चाचं काम मानेचा कोन. वर्षानुवर्षांच्या ताणाने मान पुढे कलते, घोडीवरचं हाड खाली उतरवायला जागा उरत नाही, आणि मान सोडवून पुन्हा बसवावी लागते. त्या कामाचे शेकडो डॉलर होतात. घोडीवर हाड पुरेसं वर आहे का, एवढं बघितलं तरी मोठा खर्च टळतो.

माझ्या गिटारीला एक तडा होता, जुना, आतून ठिगळ लावून पक्का केलेला. दुकानाने तो स्वतःहून दाखवला. आता तिच्या केसमध्ये आर्द्रता मोजायचं छोटं घड्याळ आणि ओल्या स्पंजची नळी असते. नोव्हेंबर ते एप्रिल ती वाजवून झाली की केसमध्ये बंद. भिंतीवर टांगलेली गिटार सुंदर दिसते, पण इथल्या हिवाळ्यात ती टिकत नाही.

बेंजो मी विकला नाही. कारण साधं आहे : तो वाजतो. इथल्या गणपतीत मिरवणूक छोटीशी, कम्युनिटी सेंटरच्या पार्किंगमधून सभागृहापर्यंतची, पण ताशा आणि बेंजो लागतोच. मागच्या वर्षी एका बारा वर्षांच्या मुलाने दोन रविवारात त्याच्यावर एक कोळीगीत बसवलं. तो असाच वाजवत राहिला तर बेंजोही त्याच्याकडे जाईल. बाबांना मी तसं सांगून ठेवलं आहे.

सध्या मैफलीच्या तालमी सुरू आहेत. आमच्या गाणाऱ्या बायका काळी चारमध्ये गातात, पुरुष बहुतेक काळी एकमध्ये. गिटार शिकणाऱ्यांसाठी सांगते, दोघांसाठी कॅपो पहिल्याच फ्रेटवर लावायचा : बायकांसाठी जीचे आकार धरायचे, पुरुषांसाठी सीचे. मधे कॅपो हलवावा लागत नाही, त्यामुळे एका गाण्यातून दुसऱ्यात लगेच जाता येतं, आणि शिसवीचे मंद्र स्वर दोन्ही पट्ट्यांत भरून येतात. शनिवारी संध्याकाळी मिसिसागाला जमतो. कुणाकडे तळघरात पेटी पडली असेल तर घेऊन या. तपासून घेऊ, दुरुस्त होण्यासारखी असेल तर ब्रॅम्प्टनला शिकणारी मुलं वाट पाहत आहेत.